मोडलेला हात

केशरबाईचा पंडित दिसायला बैलासारखा होता, आणि त्यातच त्याचं वाटोळं झालं. पंचविशीचा गडी, भरल्या छातीचा, जाड मानेचा. पण महिन्यातून दोन-तीनदा त्याला फेफरं यायचं. आलं की तोडल्या झाडागत पडायचा, तोंडाला फेस यायचा, आणि शुद्धीवर येता येता हाताला लागेल त्याला झोडपायचा. कुणाला मारलं, हे त्याला नंतर आठवायचं नाही. एकदा त्यानं आईचेच दात पाडले. शेजारणीला तिनं सांगितलं, न्हाणीत घसरले.

त्र्याहत्तर साली परभणीजवळच्या पिंगळीच्या पलीकडं, त्यांच्या गावात, विहिरी आटल्या आणि सरकारनं रस्त्याचं काम काढलं. खडी फोडील त्याला मजुरी. ज्याच्यानं काम होत नाही, त्याला घरबसल्या धान्य. केशरबाई बौद्धवाड्यातून उठली आणि पोराला घेऊन चावडीवर गेली. तलाठी व्यंकटरावांनी पंडितचे दंड दाबून बघितले. शेजारी कामाचा मुकादम बन्सीधर बसला होता. तो म्हणाला, मला तर ह्याच्यात दोन गडी दिसायलेत. लोक हसले. धान्याऐवजी पंडितच्या हातात हातोडा आला.

त्याच आठवड्यात भर उन्हात तो खडीच्या ढिगावर कोसळला. केशरबाई टँकरवर पाण्याला गेली होती. बन्सीधरला वाटलं, पिऊन आलाय. त्यानं बुटाच्या लाथा पोराच्या बरगड्यांत घातल्या. पंडित उठला, पण त्याचे डोळे ओळखीचे नव्हते. त्यानं बन्सीधरला गळ्याला धरून खाली घेतलं आणि त्याचं तोंड खडीत घासलं. नाकाचं हाड गेलं. मग मुकादमाची माणसं टिकावाचे दांडे घेऊन तुटून पडली. केशरबाईनं घागर टाकली, धावत येऊन पोराच्या अंगावर आडवी पडली. एक दांडा तिच्या पाठीत बसला. दुसरा पंडितच्या हातावर. वाळल्या तुराटीसारखा आवाज तिनं अगदी कानाशी ऐकला. पोरगं निपचित पडल्यावरही ते मारतच होते.

परभणीच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं. तिथल्या डॉक्टरनं फेफऱ्याच्या गोळ्या दिल्या आणि तलाठ्याला चिठ्ठी लिहून दिली, की ह्याला जुनाट आजार आहे, दगडाचं काम देऊ नये. व्यंकटरावांनी चिठ्ठी बाजूला सारली, प्लास्टरकडं बघितलं आणि लगेच धान्याच्या यादीत नाव घातलं. हात दिसतो बाई, म्हणाले, फेफरं दिसत न्हाई. लाथांची गोष्ट निघेल म्हणून बन्सीधरही पोलिसात गेला नाही. घरात लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, यायला लागली.

हात जुळला तसं नाव कापलं. गोळ्याही केव्हाच्या संपल्या होत्या. सकाळपासून कामावर या, असा निरोप आला.

त्या संध्याकाळी पंडितनं हातोडा आईपुढं ठेवला आणि जुळलेला हात उंबऱ्यावर सरळ पसरला.

"माय, परत मोड," तो म्हणाला. "म्या वरडणार न्हाई."

केशरबाईनं हातोडा उचलला. कुठं मारलं म्हणजे हाड जाईल आणि बोटं राहतील, याचा तिनं खरोखर अंदाज घेतला. हात वर गेला. पोरगं तोंड फिरवून, डोळे मिटून बसलं होतं. तिनं हातोडा अंगणात भिरकावला आणि त्याच्या थोबाडीत मारायला सुरुवात केली. आपला तळवा सुजेपर्यंत मारलं. फेफऱ्यात आईचे दात पाडणारा तो दांडगा गडी मुकाट मार खात राहिला.

सकाळी दोघं कामावर गेली. तिनं दोरीचं एक टोक त्याच्या कमरेला बांधलं, दुसरं आपल्या. बन्सीधर वाकड्या नाकानं गुरगुरत आला, की ही काय नाटकं लावलीत. आजवर ती त्याला तुमी म्हणत आली होती.

"ह्याला फेफरं आलं तर म्या धरीन," हातोडा न ठेवता ती म्हणाली. "तू पाय उचललास, तर मला कोण धरील?"

तो दुसऱ्या ढिगाकडं गेला.

पाऊस लागेपर्यंत दोघांनी खडी फोडली. फेफऱ्याच्या एका झटक्यात पंडितनं तिच्या खांद्याचं हाड मोडलं. तेव्हा मात्र व्यंकटराव स्वतः घरी आले आणि धान्याच्या यादीत केशरबाईचं नाव घालून गेले. पंडितचं कधीच आलं नाही.