सासूबाईंची धायटी

सासरे गेल्यावर सासूबाई कायमच्या आमच्याकडे, कर्वेनगरला आल्या. त्यांचं सगळं आयुष्य खडकवासल्यापलीकडच्या गावात, शेतीत गेलं होतं. आमचा फ्लॅट तळमजल्यावर. खिडकीबाहेर मातीचा एक पट्टा आणि त्यात माझे गुलाब.

एकदा माझी पाच वर्षांची मुलगी खेळताना आजीसारखंच म्हणाली, "माझी भावली इथं हाय." मी स्वयंपाकघरातून ओरडले, "हाय नाही, आहे म्हणायचं. शाळेत हसतील तुला!" सासूबाई तिच्या शेजारीच शेंगा सोलत होत्या. त्यानंतर नातीला जेवायला बोलवायचं, तरी त्या नुसतं ताट पुढे सरकवायच्या. माझ्या लक्षात यायला आठवडा गेला. लक्षात आल्यावरही माफी मागायला तोंड उघडेना.

आषाढात गावी गेलो, तेव्हा येताना त्यांनी टेकडीवरून धायटीचं हातभर रोप आणलं, मुळांच्या मातीसकट ओल्या फडक्यात बांधून. मी एक गुलाब काढून त्याला जागा दिली आणि त्याची सेवाच मांडली. पाऊस उघडला की सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी. तरी पानं पिवळी पडून गळायला लागली. सासूबाई खिडकीतून रोज बघायच्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"अगं, किती पानी घालशील? डोंगरावरचं झाड हाय त्ये. मुळं कुजतील."

मी बादली खाली ठेवली. "आई, माझं चुकलं. पाण्याचं नाही म्हणत मी."

"ठावं हाय." त्या बाहेर येऊन पायरीवर बसल्या. "पोरीला कुनी हसू नये म्हनून बोललीस. पर मला वाटलं, आता ह्या घरात बोलायचं तरी कसं?"

मला रडूच आलं. त्यांनी पदरानं माझ्या हाताचा चिखल पुसला आणि म्हणाल्या, "चल, मुरूम आन कुठनं तरी."

दोघींनी माती उकरून मुरूम मिसळला. पाणी मी जवळजवळ बंदच केलं. दिवाळीपर्यंत नवी पानं आली.

तिसऱ्या वर्षी माघात फांद्या लाल फुलांनी भरल्या. सोसायटीतले एक गृहस्थ कुंपणापाशी थांबून म्हणाले, "वा! रान घरीच आणलंत का?"

"व्हय, या की मध खायाला," सासूबाई आतून म्हणाल्या.

त्या दिवशी आजी-नात पायरीवर बसून एकेक फूल चोखत होत्या. मला हाक मारून त्यांनी माझ्याही तळहातावर एक ठेवलं. मध नेमका कुठून ओढायचा, मला माहीत नव्हतं. मुलीनं दाखवलं.