जळकोटच्या माळावरची चित्तीण

जळकोटात बाबामियाँला सगळे दोरवाला म्हणत. त्याला ते आवडत नसे. अंबाडीच्या दोऱ्या वळायच्या, बैलांच्या मुसक्या विणायच्या, हे त्याचं पोटाचं काम. पण त्याच्या बापानं जहागीरदारांच्या शिकारखान्यासाठी अकरा चित्ते जिवंत धरले होते. आपण दोरवाले नाही, चित्तेवाले, हे तो रस्त्यात माणूस थांबवून सांगे आणि गाव त्याची चेष्टा करी.

पूर्वी जहागीरदारांना चित्ते पाळून हरणांवर सोडायची हौस होती. रानातून ते धरून आणायचं काम बाबामियाँच्या घराकडं होतं. बापाच्या हाताखाली त्यानं स्वतः दोन धरले. मग बाप गेला, माळावरचे चित्तेही संपले. मी सांगतो त्या वेळेपर्यंत याला बावीस वर्षं होऊन गेली होती.

तरी एक चित्तीण उरली आहे, असं लोक म्हणत. धनगर सांगत, ती पळते तेव्हा गवताचं पातंही हलत नाही. मुसलमान आळीत म्हणत, ती एका फकिराची राखणदार आहे, तिला गोळी लागत नाही. आमच्या लिंगायतांच्या घरांत म्हणत, ती तुळजापूरच्या देवीच्या सिंहाची धाकटी बहीण. तिला धरील त्याचा वंश बुडतो. पाहिली म्हणणारे पुष्कळ होते, पण दोघांचं सांगणं कधी जुळत नसे.

वंशाची गोष्ट निघाली की बाबामियाँ हसे. “मला वंशच कुठाय?” म्हणे.

त्याची बायको हमिदाबी. तिची दोन मुलं वर्षाच्या आत गेली. तिसरी मुलगी जन्मली आणि त्याच दिवशी गेली. त्या दिवशी बाबामियाँ घरात नव्हता. कुणीतरी पायाचे ठसे पाहिल्याचं सांगितलं म्हणून पाच दिवस माळ तुडवत होता. तो परत आला तेव्हा शेजारच्या बायांनी सगळं उरकलेलं होतं. त्यानंतर हमिदाबी कामापुरतीच बोलू लागली. भाकरी झाली, पाणी संपलं, एवढंच.

हे सगळं मला माझ्या वडिलांनी, सिद्रामप्पांनी सांगितलं. काही हमिदाबीनं माझ्या आईला सांगितलं होतं, ते आईकडून कळलं. आमचं शेत माळाला लागून होतं.

फसली तेराशे त्रेपन्न साल. म्हणजे इंग्रजी एकोणीसशे त्रेचाळीस सरून चव्वेचाळीस लागलं होतं. शाळू हुरड्याला आला होता. वडिलांना बांधापलीकडच्या वाकड्या हिवराच्या बुंध्यावर नखांचे ताजे ओरखडे दिसले. त्यांनी गावात येऊन सांगितलं, “बाबामियाँ, हिवरावर कुणीतरी नखं मारलीत. बिबट्याची वाटंनात मला.”

बाबामियाँ हातातली दोरी टाकून अनवाणीच निघाला. झाडाशी गेल्यावर त्यानं ओरखड्यांवर बोटं ठेवली, साल हुंगली आणि तिथंच बसून लहान मुलासारखा रडला. “आप्पा, बापाच्या वक्ताला असंच झाड असायचं. चित्ता फिरून फिरून एकाच झाडाकडं येतो. कुणाला सांगू नका. गर्दी झाली तर ती भ्यायानंच मरंल.”

बापाचे फासे त्यानं तूप लावून जपून ठेवले होते, हरणाच्या आतड्याच्या तातीचे. ते त्यानं झाडाभोवती खुंट्यांना बांधले, वर माती आणि पाला पसरला आणि आमच्या शाळवात दडून बसला. आठ दिवस काही झालं नाही. नवव्या दिवशी सकाळी वडील मोटेवर असताना त्यांना त्याची हाक आली.

ती फाशात होती. वडील म्हणत, एवढ्या गोष्टी ऐकल्या होत्या, पण ते केवढंसं जनावर! बरगड्या मोजाव्यात अशी बारीक, पाय लांब. डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ, रडून काजळ ओघळावं तशी. बाबामियाँनं तिच्यावर घोंगडं टाकलं, डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवली, पाय बांधले. दोघांनी तिला आमच्या शेतातल्या खोपीत नेऊन बाजेवर बांधलं. त्याच दिवशी त्यानं नळदुर्गाकडं, शिकारखान्याच्या दारोगाला निरोप धाडला.

त्या धंद्याची एक रीत होती. नव्या चित्त्याचे डोळे झाकायचे आणि दिवसभर त्याच्याजवळ बसून बोलत राहायचं, म्हणजे त्याची माणसाची भीती जाते. हे काम घरातल्या बाईचं. बाबामियाँची आई अकरा चित्त्यांशी बोलली होती. आता त्यानं हमिदाबीला आणून बाजेशेजारी बसवलं.

“काय बोलू?” तिनं विचारलं.

“काय बी बोल. सुचंल ते.”

घरात ते दखनी बोलत, मी आपल्या बोलीत सांगतो. पहिल्या दिवशी हमिदाबीनं चित्तिणीला चुलीचं, पिठाचं, विहिरीच्या पाण्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिचा आवाज लागला. बाबामियाँ कुडाबाहेर मांस कापत बसला होता. त्याला आतून ऐकू आलं:

“पहिला दूध ओढायचा न्हाय. दुसरा चांगला हसायचा. तिसरीचं नाव म्या नूरी ठेवलं होतं. कुणाला सांगितलं न्हाय गं. ती गेली तवा तिचा बाप तुलाच हुडकत होता.”

त्याच्या हातातली सुरी थांबली. दहा वर्षांत बायकोच्या तोंडून एवढे शब्द त्यानं ऐकले नव्हते. त्याला आत जावंसं वाटलं. गेला नाही.

तिसऱ्या दिवशी हमिदाबी बोलता बोलता गप्प झाली. खोपीत चिमणी ओरडत होती. तिनं वर छपराकडं पाहिलं, चिमणी नव्हती. आवाज बाजेवरून येत होता. चित्तीण बारीक आवाजात चिवचिवत होती, थांबत होती, कान टवकारत होती, पुन्हा चिवचिवत होती. हमिदाबीनं वाकून पाहिलं. बाजेचं सुंभ पोटाखाली ओलं झालं होतं.

ती बाहेर आली. “हिला पान्हा फुटलाय. हिची लेकरं हायती माळावर. त्यांना हाका मारतीय. सोडा तिला.”

बाबामियाँ उठून तिच्यासमोर आला. मग म्हणाला, “दारोगाला निरोप गेलाय, हमिदा. बावीस वर्षं म्या…”

“लेकरं मरतील.”

“हितंच आणतो की. तिच्यापाशी ऱ्हातील, दूध पितील. आज आणतो.”

ती पाठ फिरवून आत निघून गेली.

वडिलांना घेऊन तो माळावर गेला. त्या दिवशी काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, ओढ्याच्या काठच्या तरवडाच्या झुडपात वडिलांना मुंग्यांची रांग दिसली. आत एक पिल्लू मरून पडलं होतं. मांजराएवढं, पाठीवर लांब राखाडी केस. बाजूला गवत दबलेलं होतं, दुसरं तिथं निजत असणार. आता तिथून लांडग्याचे ठसे ओढ्यात उतरत होते.

बाबामियाँनं हातानं खड्डा खणला. वडील म्हणाले, “सरक, मी खणतो.” त्यानं खणू दिलं नाही.

खोपीशी आल्यावर हमिदाबीनं विचारलं, “गावली का?”

“न्हाय,” तो म्हणाला.

तिनं त्याच्या नखांतली माती पाहिली आणि पदर तोंडाला लावला.

चित्तिणीनं मांसाला तोंड लावणं सोडलं होतं. पुढच्या दिवशी सकाळीच बाबामियाँ आमच्या घरी आला. “आप्पा, गाडी जुपता का? सोडून येतो तिला.”

“आणि दारोगा?”

“बघू.”

तिघांनी तिला गाडीत घालून हिवराशी नेलं. बाबामियाँनं दोऱ्या कापल्या, मग हात लांब करून टोपी काढली. ती पळाली नाही. मागचा एक पाय तातीनं कापला होता. थोडा वेळ उन्हाकडं डोळे मिचकावत उभी राहिली, मग लंगडत ओढ्याकडं गेली. तरवडापाशी थांबली आणि चिवचिवू लागली.

तीन दिवस तो आवाज आमच्या शेतात ऐकू येत होता. हुरडा खाणारी पाखरं हाकलायला गोफण फिरवायची, पण वडिलांनी त्या तीन दिवसांत कुणाला फिरवू दिली नाही. बाबामियाँ बांधावर बसून असायचा. शेळीचं मांस ओढ्यापाशी ठेवून यायचा, ते तसंच राहायचं. चौथ्या दिवशी आवाज बंद झाला. तिला जिवंत किंवा मेलेली पुन्हा कुणी पाहिली नाही. त्यानंतर आमच्या माळावर चित्ता दिसल्याचं मी कुणाकडून ऐकलं नाही.

दारोगा दोन माणसं आणि पिंजऱ्याची गाडी घेऊन आला, तेव्हा रिकामी बाज होती. गावच्या चावडीपुढं त्यानं बाबामियाँला उभं केलं.

“चित्ता कुठाय?”

“सुटली, सरकार.”

“सुटली? तू धरलीच नव्हतीस! बापाच्या नावावर इनाम उकळायचा डाव हाय तुझा. लबाड!” आणि त्यानं चाबूक ओढला. गाव हसत होतं. बावीस वर्षं चेष्टा केलेली, आज पक्कीच झाली.

वडील पुढं झाले. “सरकार, मी माझ्या डोळ्यांनी…”

“आप्पा, बोलू नका,” बाबामियाँ खालमानेनं म्हणाला. “तुमाला माझी आण हाय.”

दारोगा बापाचे फासे घेऊन गेला. वडिलांनी नंतर बाबामियाँला विचारलं, का बोलू दिलं नाहीस? तो म्हणाला, “धरली म्हणून नाव मिळवायचं, त्या लेकरांवर? न्हाय आप्पा.”

त्या दिवशी घरी जाऊन तो हमिदाबीला म्हणाला, “नूरीला कुठं पुरलंय, मला दाव.” आई सांगायची, हमिदाबीनं आधी त्याच्या पाठीवरच्या वळांना हळद लावली, मग त्याला घेऊन कबरस्तानात गेली. जागा तिलाही नीट आठवत नव्हती. एका कडुलिंबाखाली दोघं दिवेलागणीपर्यंत बसून होती.

पुढं निजामाचं राज्य गेलं, जहागिरी गेल्या. मुसलमानांवर हल्ले होत होते, त्या भीतीच्या दिवसांत वडिलांनी दोघांना आमच्या शेतातल्या त्याच खोपीत आणून ठेवलं, आणि ती तिथंच राहिली. माळ नांगरला गेला. बाबामियाँ दोऱ्या वळत राहिला. मी चित्तेवाला, असं त्यानं पुन्हा कुणाला सांगितलं नाही. छप्पन्न साली तो छातीच्या दुखण्यानं गेला. मागून चार वर्षांनी हमिदाबी गेली. तिचं जवळचं कुणी उरलं नव्हतं. आळीतली माणसं आली, जनाजा उचलला, आणि पहिला खांदा माझ्या वडिलांनी दिला.