गुलाबी अळीचा उतरलेला रंग

संग्रामपूरच्या कय्यूम फोटोवाल्याचा कुणावर विश्वास म्हणून नव्हता. गिऱ्हाईक अल्बम न्यायला आलं, तरी आधी त्याच्या हाताकडे पाही, मग तोंडाकडे. आणि गावाचा तरी त्याच्यावर कुठे होता? लग्नाच्या अल्बमात सावळ्या नवऱ्या गोऱ्यापान करून देणारा माणूस तो!

बोंडअळीने कपाशी खाल्ली त्या वर्षी झुंबरबाईने आपल्या बीटी कपाशीचं बोंड फोडलं, आतली गुलाबी अळी तळहातावर घेतली आणि कय्यूमकडून फोटो काढवला. बियाणं विकणाऱ्या हर्षलने तो कंपनीला व्हॉट्सअॅपवर पाठवला. बीटीला गुलाबी अळी लागत नाही, असा कंपनीचा दावा; हीच अळी पडली असं ठरलं, तर भरपाई मिळणार होती. फोटो गेला तशी बाई निर्धास्त झाली. कपाशी उपटून तिने हरभऱ्यासाठी रान मोकळं केलं.

उत्तर आलं: अळी मातकट दिसते, गुलाबी नाही. तक्रार नामंजूर.

गाव कय्यूमवर उलटलं. हर्षलचं दुकान त्याच्या दुकानाला लागून, दोघांचा चहा एकत्र. मग साटंलोटं असणारच! एकटी झुंबरबाई म्हणाली, "माह्यासमोर काढला त्यानं फोटो. गुलाबीच होती त्यात."

कय्यूमचा संशय हर्षलवर. त्याने सरळ त्याचा फोन हिसकावला. "रंग काऊन उडवला बे?"

"म्या कायले उडवू? तू धाडला तसाच पुढं धाडला."

फोनवरची अळी खरोखरच मळकट होती. कय्यूमच्या कॉम्प्युटरवर तीच अळी गुलाबी. आपल्या डोळ्यांवरसुद्धा संशय यावा अशी पाळी. मग त्याने फोटोची माहिती उघडून पाहिली. अल्बम छापणाऱ्या लॅबसाठी त्याने कॅमेरा 'अॅडोब आरजीबी'वर, म्हणजे मोठ्या रंगपट्ट्यावर, लावून ठेवला होता. कॉम्प्युटरला तो पट्टा कळे. फोनवर जाताना मात्र फोटो लहान झाला, पट्ट्याची खूण गळाली, आणि फोनने तो नेहमीच्या 'एसआरजीबी'तला समजून फिका दाखवला. इतके दिवस बाहेर शोधला तो चोर घरातच होता.

कय्यूमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी हर्षलला त्याने खरं ते सांगितलं आणि फोटो एसआरजीबीत बदलून पुन्हा पाठवायला लावला. आता फोनवरही अळी गुलाबी दिसली. कंपनीने कळवलं: आधी मातकट, आता गुलाबी, म्हणजे रंग भरलाय. अळीच आणून दाखवा.

दोघं झुंबरबाईच्या रानात गेले. बांधावर उपटलेल्या पऱ्हाटीचा ढीग उन्हात वाळत पडला होता. कय्यूमने सगळं सांगितलं. ती ढिगातली किडकी बोंडं फोडायला बसली. मग तेही बसले. कितीतरी बोंडं रिकामी निघाली. शेवटी एकात अळी सापडली, मेलेली, वाळून कडक झालेली.

झुंबरबाईने ती तळहातावर घेतली, उन्हात धरली. अळी मातकट होती.

"घ्या कय्यूमभाऊ," ती म्हणाली, "आता तुमचा पयलाच फोटो खरा झाला."