मतदानाच्या दिवशी मुसफ्फात पाऊस होता

ती केस मला आजही आठवते, आणि दर वेळी आठवते ती पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की. पाऊस आपल्याकडचा नव्हे, अबुधाबीचा.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. रायगडातल्या एका खाडीकाठच्या पोलीस ठाण्याचा चार्ज माझ्याकडे होता. हिवाळ्यात ग्रामपंचायतीचं मतदान होतं. मी स्वतः बंदोबस्तावर होतो. दिवसभर कोरडं ऊन आणि धूळ. दुपारी बूथपासून थोड्या अंतरावर दोन पॅनेलच्या माणसांत बाचाबाची झाली. एकानं समोरच्याच्या डोक्यात लोखंडी पाइप घातला आणि गर्दीतून पसार झाला. ज्याला लागला तो तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला. खुनाचं कलम लागलं.

साक्षीदार एका तोंडानं सांगत होते, दुबईवाल्यानं मारलं. आमच्या भागात समुद्रापलीकडे गेलेला प्रत्येक जण दुबईवाला, मग तो शारजात असो की मस्कतला. हा दुबईवाला गावातल्या एका विधवेचा मुलगा. पण तिला मुलगे दोन. दोघेही अबुधाबीत वेल्डर, दोघांत दीड वर्षाचं अंतर, चेहरा एकच, दाढीही एकच. सहा वर्षं बाहेर असल्यामुळे नेमका कोण, हे साक्षीदारांना सांगता येईना. शेजाऱ्यांना विचारलं की ते खाडीकडे बघायचे.

मी मुंबई विमानतळाची नोंद मागवली. थोरल्याचा पासपोर्ट मतदानाच्या आठ दिवस आधी आला होता आणि मतदानाच्या दुसऱ्या दिवशी परत गेला होता. धाकट्याची नोंदच नव्हती. मी आरोपी म्हणून थोरल्याचं नाव घातलं. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. माझा बाप अंगठा उठवायचा. कागद काय असतो हे मला इतरांपेक्षा जास्त कळतं, अशी माझी समजूत होती.

महिनाभरानं घरझडती घेतली तेव्हा म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. आजारातून नुकती उठलेली. कोण आला होता विचारलं की पदराचं टोक बोटाला गुंडाळायची. आम्ही निघालो तेव्हा तिनं फळीवरची एक कॅसेट काढली आणि माझ्या हातात दिली.

"एवढं ऐका, साहेब."

वर सिनेमाच्या गाण्यांचं कव्हर होतं. मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलंय. पंचनाम्यात लिहून घेतलं: जुनी ऑडिओ कॅसेट एक, किंमत शून्य. सील केली आणि मुद्देमालाच्या खोलीत टाकली.

दिल्लीमार्गे कागद फिरायला वर्षाच्या वर काळ गेला. शेवटी तिकडच्या पोलिसांनी थोरल्याला ताब्यात घेतलं आणि त्याला आणायला मी नि एक हवालदार अबुधाबीला गेलो. स्थानिक अधिकाऱ्यासमोर त्याच्याशी बोलायची परवानगी मिळाली. त्या अधिकाऱ्याला कामापुरतं हिंदी यायचं.

नोकरीत मी एक पाहिलं होतं. ज्यानं केलंय तो आधी पुरावा काय आहे ते चाचपतो. ज्यानं केलेलं नाही तो ओरडतो. या माणसानं दोन्ही केलं नाही. पासपोर्ट पुढे ठेवला तेव्हा एकच वाक्य बोलला, "पासपोर्ट माझाच आहे. चला." आणि थोड्या वेळानं, "आई चालती-फिरती आहे का?" मी त्याला मुरलेला गुन्हेगार समजलो.

सुपूर्दगीच्या कागदांना दोन दिवस होते. धाकट्याचा जबाब घ्यावा म्हणून त्या अधिकाऱ्याबरोबर शहराबाहेरच्या मुसफ्फा या कारखान्यांच्या भागात, धाकट्याच्या कामगार कॅम्पवर गेलो. तो साइटवर गेलेला. मेसमधला आचारी रत्नागिरीकडचा, साठीला आलेला. त्यानं चहा दिला आणि कांदा चिरता चिरता मला विचारलं, "साहेब, तुमच्याकडं इलेक्शन होतं त्या दिवशी ऊन होतं का पाऊस?"

"ऊन. का?"

"आमच्याकडं पाऊस. सकाळपासून. साइटवर गुडघाभर पाणी, काम खलास. सगळे खोलीत. मी भजी काढली. ज्याला तुम्ही धरलाय ना, त्यानं सगळ्यात जास्त खाल्ली."

मी म्हणालो, आपल्या हातचं जेवलेल्या माणसासाठी आचारी अशी साक्ष देतोच. आणि तो दिवस इलेक्शनचाच होता कशावरून?

"तो आईसाठी टेप भरत होता," आचारी म्हणाला. "इलेक्शनचं बोलला त्यात. मला म्हणाला, चाचा, झारा वाजवू नका."

तेव्हा फोनचं एक मिनिट म्हणजे सात-आठ दिरहम, म्हणजे सत्तर-ऐंशी रुपये. ज्यांच्या आयांना वाचता येत नव्हतं ते पत्राऐवजी कॅसेट भरायचे आणि गावी जाणाऱ्याबरोबर पाठवायचे. मला हे ठाऊकच नव्हतं. हातातला चहा तसाच राहिला.

तिथल्याच टेलिफोन बूथवरून मी माझ्या ठाण्याला फोन लावला. ठाणे अंमलदाराला सांगितलं, दोन पंच बोलाव, म्हातारीच्या कॅसेटचं सील उघड, पंचनामा कर आणि टेपरेकॉर्डर फोनशेजारी ठेव. तासाभरानं पुन्हा लावला.

आधी नुसता आवाज आला, फुटाणे भाजल्यासारखा. मला वाटलं लाइन खराब आहे. मग गडगडलं, आणि कळलं की हा पत्र्यावरचा पाऊस आहे. त्यावरून थोरल्याचा आवाज.

"आई, ऐक, वाळवंटात पाऊस पडतोय. तुमच्याकडं आज मतदान ना? तू जाऊ नको, दम लागेल. धाकट्याला बघितलंस ना पोटभर? आता औषध घे."

अधिकाऱ्यानं अबुधाबी विमानतळाच्या हवामान कार्यालयातून नोंद मागवली. त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाऊस. त्या महिन्यात तेवढाच.

मी परत कोठडीत गेलो. "कॅसेट ऐकली," एवढंच म्हणालो. तो हाताची नखं बघायला लागला. मग बोलला. आई आजारी, सारखी धाकट्याचं नाव घेत होती. धाकट्याचा पासपोर्ट त्याच्या कंपनीच्या तिजोरीत, रजा नाकारलेली. थोरल्याला रजा मिळाली होती, पासपोर्टही हातात आला होता. चेहरा एकच. मग त्याच्या पासपोर्टवर धाकटा गेला आणि धाकट्याच्या जागी, धाकट्याच्या हजेरी-कार्डवर, थोरल्यानं मुसफ्फात वेल्डिंग केलं. म्हणजे हजेरीपटही खोटा आणि विमानतळाचा शिक्काही खोटा.

"मग गप्प का बसलास?" मी विचारलं.

"पाठवला मीच ना, साहेब."

आम्ही कॅम्पवर पोचलो तेव्हा संध्याकाळची बस नुकतीच आली होती. धाकटा हेल्मेट हातात घेऊन खाली उतरला, आम्हाला पाहिलं आणि सरळ चालत आला. "दादाला सोडा," म्हणाला. पळायचा विचारही त्याच्या तोंडावर नव्हता. कदाचित तो वर्षभर आमची वाट बघत असावा. त्याच्या नावानं कागद नव्यानं झाले आणि खटल्यात त्याला शिक्षा झाली. पासपोर्टच्या गुन्ह्यात थोरलाही सुटला नाही, पण ती शिक्षा महिन्यांची होती, जन्मठेप नव्हे.

परतल्यावर मी एकटाच त्या घरी गेलो. म्हातारी त्याच भिंतीला टेकून बसली होती.

"ऐकलंत?" तिनं विचारलं.

"ऐकलं."

"उशीर केलात," ती म्हणाली. नंतर पदरानं तोंड पुसून, "धाकट्याला जेवण देतात ना वेळेवर?"

एका मुलाला वाचवायचं तर दुसऱ्याचं नाव घ्यावं लागतं. ते तिच्या तोंडून निघत नव्हतं, म्हणून तिनं ते माझ्या हातात ठेवलं होतं. मी, शिकलेला माणूस, शिक्के वाचत बसलो आणि एका निरपराध माणसाला फासाच्या दारापर्यंत घेऊन चाललो होतो. कागद खोटं बोलतो, हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. अक्षर न येणारी माणसंही आपला पुरावा ठेवतात, फक्त तो आपल्या ओळखीच्या रूपात नसतो. माझ्या बापानंही ठेवला असेल. मी कधी विचारलं नाही.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत शेकडो झडत्या घेतल्या. एकाही पंचनाम्यात 'किंमत शून्य' हे शब्द मी लिहू दिले नाहीत.