ईस्ट कोस्टचा वड

सिंगापूरमध्ये ईस्ट कोस्टला आमचा जुना चार मजली कॉन्डो होता आणि त्याच्या मागे त्याहून जुना वड. बिल्डरला दोन्ही पाडायचे होते. पुरेशा मालकांच्या सह्या झाल्या की विक्री पक्की होणार होती, आणि एकच सही कमी पडत होती. तळमजल्यावरच्या काकू ती देत नव्हत्या. मीही विरोधातच होते. माझी सगळी भिस्त काकूंवर होती.

वटपौर्णिमेला आम्ही मराठी बायका दरवर्षी त्याच वडाला सूत गुंडाळायचो. सामान मी आणायचे. काकूंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्या बाकावर बसून सगळ्यांना पन्हं द्यायच्या. त्या वर्षी फेऱ्या घालणाऱ्या बहुतेकींनी विक्रीला सही दिलेली होती.

माझी शेजारीण सूत गुंडाळता गुंडाळता म्हणाली, “काकू, द्या ना सही आता. आम्ही निदान नवऱ्यासाठी फेऱ्या मारतो. तुम्हाला काय करायचाय वड?”

“अगं, काय बोलतेस!” दुसरी म्हणाली, पण हसली. मग बाकीच्याही हसल्या.

काकूंनी उरलेलं पन्हं झाकलं. “खरं आहे बाई तुझं,” म्हणाल्या आणि घरात गेल्या. संध्याकाळी त्यांनी सही केली. मी समजवायला गेले तेव्हा त्यांनी दार उघडलं नाही.

वड गेला, कॉन्डो गेला, काकू मुलीकडे पुण्याला गेल्या.

पुढच्या वर्षी शेजारणीचा फोन आला. “तुझ्या नव्या घराजवळ वड आहे का गं? आमच्याकडे कुठेच नाही.”

चोआ चू कांगला माझ्या नव्या इमारतीखाली चांगला मोठा वड आहे. मी नाही म्हणाले.