मातीवरच्या उड्या

"उतर! गादीवरून उतर आधी!"

अध्यक्ष ओरडले. मी हवेत कोलांटी घेऊन नुकतीच गादीवर आली होती. अध्यक्ष म्हणजे आमची शाळा चालवणारे जमीनदार. पोरींनी कसरती शिकाव्या म्हणून कापसाची जाड गादी त्यांनीच शिवून देली होती. त्यांची पुतणीही शिकत होती.

"महारवाड्यातली ना ही? मंग आमच्या पोरीनं हिच्यासंगं एका गादीवर लोळायचं काय?"

आमी बौद्ध झालो होतो. त्यांच्यासाठी नाही.

कसरतीचे सर खाली पाहत मले म्हणाले, "तू मातीवर कर. तुमच्या लोकाईचं अंग टणक असते."

गादी धुतली. माह्यासमोर वाळत घातली.

मग मातीच. काळी, उन्हात विटेसारखी झालेली. टाचा फुटल्या. गुडघ्यात पू झाला. माय म्हणे, "सोड न पोरी, काऊन मरून राह्यली?" मी सोडलं नाही. माह्यासारखी उडी शाळेत कोणाचीच नव्हती. म्हणून नागपूरच्या स्पर्धेले मले न्यावंच लागलं.

तिथं गादी सगळ्यांची होती. मी धावली, उडाली, फिरली. सगळं बरोबर. अन् पाय गादीत रुतले. मऊ जागेवर कसं थांबायचं, मले माहीतच नव्हतं. घोटा मुरगळला. तोंडावर पडली. लोक हसले.

परत आल्यावर सरांनी सगळ्या पोरींसमोर उभं केलं.

"हिनं शाळेचं नाक कापलं. या लोकाईच्यानं होतच नसते."

घोटा सुजलेला. वाटलं, विहीर जवळ करावी. पण तोंडातून निघालं,

"सर, गादीवर पडू कवा देलं मले?"



मी लंगडत गादीवर गेली. पुतणी बाजूले सरकली. उडी मारली. पडली. उठून परत मारली. अध्यक्षांचा गडी गादी ओढाले लागला. मी तिच्यावर पालथी पडली, दोन्ही मुठींत कापड धरलं. तो ओढत राह्यला. मी गादीसकट मैदानभर फरफटत गेली. कापड फाटलं, मूठ सुटली नाही.

शाळेतून नाव काढलं. घोटा पुन्हा कधी नीट झाला नाही. डोणगावले मामाच्या घरी राहून दुसऱ्या शाळेत गेली. तिथं कसरतीच्या बाईंनी मले वरून खालपर्यंत पाह्यलं.

"आधी जात सांग. मग बघू."

"आधी गादी टाका, बाई," मी म्हटलं. "जात तिच्यावर उभी राहूनच सांगतो."