तारेवरची हजेरी

शेजारच्या काकूंना मी एकदा सांगितलं की आम्ही बसचे नियम ठरवायचं काम करतो. त्यांनी लगेच विचारलं, "मग कोपरगावची गाडी रोज उशिरा का येते गं?" तेव्हापासून मी श्रीरामपुरात कुणाला समजावायच्या भानगडीत पडत नाही. फारच खोदून विचारलं तर म्हणते, एका तारेवर बरीच यंत्रं जोडलेली असतात, त्या तारेला आमच्या धंद्यात बस म्हणतात, आणि त्या यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम. लोक मान डोलावतात आणि विषय बदलतात. त्यांचं काही चुकतं असं नाही.

नवऱ्याला मी चारचौघांत 'अहो' म्हणते आणि कागदावर 'तो'. कागदावर तेवढी सूट घेते. तो कोल्हारच्या शेतकरी घरातला, मी पुण्याची. दोघंही इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर. पुण्यातल्या नोकऱ्या सोडून आम्ही श्रीरामपूरच्या एमआयडीसीत वर्कशॉप टाकलं तेव्हा माझ्या माहेरच्यांनी कपाळाला हात लावला होता. तिथे त्याने एक पेटी बनवली. राहाता, संगमनेरकडे डाळिंबाची प्रतवारी करणाऱ्या शेड आहेत. पट्ट्यावरून फळ घरंगळत येतं, कॅमेरे रंग बघतात, काटा वजन करतो आणि फळ आपापल्या क्रेटमध्ये पडतं. हे कॅमेरे ज्या वेगवान तारेवर बोलतात तिची भाषा जुन्या काट्यांना येत नाही. त्याची पेटी मध्ये बसून दोघांचं जमवून देते. नवे काटे घेणं ज्यांना परवडत नाही, अशा सगळ्यांकडे ती पेटी आहे.

या तारेची एक रीत आहे. तिच्यावर नवं यंत्र जोडलं की बाकीची सगळी क्षणभर गप्प होतात आणि पहिल्यापासून हजेरी होते. प्रत्येकाने 'मी आहे' म्हणायचं, नंबर घ्यायचा, मग काम पुढे चालू. पेटीला हजेरी द्यायला जरा उशीर होतो, कारण तिला आधी मागच्या म्हाताऱ्या काट्याला उठवावं लागतं. तुमच्या-माझ्या हिशेबाने तो उशीर पापणी लवण्याइतकासुद्धा नाही. तारेच्या हिशेबाने मात्र तेवढ्यात युग लोटतं.

तारेचे नियम ठरवायला एक समिती आहे. तिच्यात जगभरातले मोठमोठे कॅमेरेवाले, चिपवाले, आणि कोपऱ्यात आम्ही. सभा कॉम्प्युटरवर होते, त्यांच्या सोयीने आमच्या ऐन जेवणाच्या वेळी. तिथे मतदान क्वचित होतं. अध्यक्ष कलम वाचतात, "कुणाची हरकत?" म्हणतात, थोडं थांबतात, आणि कुणी बोललं नाही तर मंजूर. गप्प राहणं म्हणजे होकार. नवऱ्याला सुरुवातीला हे पटेचना. "आमच्या गावात मानूस गप बसला म्हंजी त्याला पटलेलं नसतंय," तो म्हणायचा. पण मग शिकला, आणि असा शिकला की त्याचं खणखणीत 'ऑब्जेक्शन' ऐकून अध्यक्ष हसायचे. त्याचा आवाज त्या सभेत सगळे ओळखत.

तोच आवाज गेला. मेंदूत रक्ताची गाठ अडकली, उजवा हात लुळा पडला आणि बोलणं तुटलं. आम्ही नगरला आयसीयूच्या बाहेर बाकावर बसलो होतो, म्हणजे मी आणि त्याचा थोरला भाऊ. त्याच काळात कधीतरी समितीत एक नवं कलम पहिल्या वाचनाला आलं. हजेरीची वेळ कमी करायची, आणि तेवढ्यात जो बोलणार नाही तो गैरहजर धरायचा. अध्यक्षांनी हरकत विचारली असणार. आम्ही बोललो नाही. आमचा होकार नोंदला गेला.

घरी आल्यावर मी ते वाचलं, आणि पुन्हा वाचलं. नवा नियम लागू झाला की नवे कॅमेरे त्याच हिशेबाने येणार. शेडवाल्याने असा एक कॅमेरा जरी जोडला, तरी हजेरीत आमची पेटी गैरहजर. पेटीतली चिप बदलता येत नाही, आणि तशी चिप आता कुणी करतही नाही. चाचणीसाठी आलेला तसा एक नवा कॅमेरा राहात्याच्या शेडमध्ये लावून बघितला, तर दुसऱ्या मिनिटाला शेडवाल्याचा फोन. "वहिनी, ह्यो नवा डोळा लावला आन् तुमची पेटी मुकी झाली की वो. काटा चालू हाय, पेटी चालू हाय, पन कुनी कुनाला वळखंना." मी बघते म्हणाले. काय बघणार होते?

मला वाटलं होतं, त्याला हे सांगूच नये. पण त्याने स्क्रीनवर वाचलं. तो मुळीच रडला नाही, रडले मी. त्याने डाव्या हाताने कागद ओढला आणि वेडीवाकडी तार काढली, तिच्यावर पेट्या काढल्या, आणि एका पेटीला काडीसारखा हात काढला, वर केलेला. मग माझ्याकडे बघत राहिला. मला उमगायला अख्खी सकाळ गेली. उत्तर द्यायला वेळ लागत असेल, पण नुसता हात वर करायला पेटीला वेळ लागत नाही. तेवढं तिच्या तारेकडच्या चिपला आत्ताही जमतं. नियम एवढाच हवा, की ज्याने हात वर केला आहे त्याच्यासाठी तारेने थांबावं. इतकं सोपं की मला माझाच राग आला. मी ते दुरुस्ती म्हणून इंग्रजीत लिहून पाठवलं. आता शेवटच्या वाचनाला कुणीतरी तोंडाने हरकत घ्यायला हवी होती. ती घेतली नाही तर दुरुस्ती चर्चेलाच येणार नव्हती, आणि त्याची उभ्या आयुष्यातली एकुलती एक गोष्ट भंगारात जाणार होती.

घरी आमचे वेगळेच हाल. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, शब्द त्याच्या आत शाबूत आहेत, फक्त बाहेर यायला वेळ लागतो. त्याच्या तोंडात शब्द घालू नका, थांबा. मी घरात कायदाच केला. कोल्हारहून थोरले भाऊजी यायचे, जीव टाकायचे भावावर, पण त्याने 'पा' म्हटलं की हे तांब्या घेऊन उभे. "पानी पायजे आसंल त्याला." मी ओरडायचे, "भाऊजी, बोलू द्या ना त्यांना!" ते बिचारे ओशाळायचे. कधी कधी त्याला 'पाय' म्हणायचं असायचं, पाय दुखत असायचा, आणि तो मुकाट्याने पाणी पिऊन टाकायचा. ते बघून मला डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं.

शेवटच्या वाचनाची तारीख कळल्यावर त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मी. मीच." बोलणं शिकवणाऱ्या बाईंना वाटत होतं की चहा, ताई, पाणी अशा सोप्या शब्दांपासून सुरुवात करावी. हा ऐकेना. त्याला एकच शब्द हवा होता, ऑब्जेक्शन. जोडाक्षरांनी भरलेला, तोही इंग्रजी. रोज सकाळी आरशासमोर बसायचा. 'ऑ' यायचा, मग जबडा अडकायचा, मानेच्या शिरा फुगायच्या. मी स्वयंपाकघरात दाराआड उभी राहून मनातल्या मनात तो शब्द पुरा करायचे. मग एका सकाळी आला. तुटत तुटत, पण सबंध आला. पुढे तीनदा म्हटलं की एकदा यायला लागला. मला विश्वास नव्हता, पण त्याला 'मी बोलते' असं म्हणायची माझी छाती नव्हती.

सभेच्या दिवशी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. भाऊजी आले होते, त्यांना मी बाहेरच्या खोलीत बसवलं. आम्ही दोघं स्क्रीनसमोर बसलो. कलम आलं. अध्यक्षांनी वाचलं आणि विचारलं, "कुणाची हरकत?" त्याने डाव्या हाताने हात वर केल्याचं बटण दाबलं. अध्यक्षांना दिसलं. त्यांनी त्याचं नाव घेऊन म्हटलं, "बोला, किती दिवसांनी!" त्याने आवाज चालू केला.

'ऑ' आला की नाही हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. अध्यक्ष म्हणाले, तुमचा आवाज येत नाही. कुणीतरी म्हणालं, भारतातलं नेटवर्क असेल. त्याचा जबडा अडकला होता आणि डोळे स्क्रीनवर रोखलेले होते. मी हलले, तर त्याने माझं मनगट घट्ट धरलं. अध्यक्ष चांगला माणूस, ते खरोखर थांबले, सभेच्या रीतीपेक्षा जास्त थांबले. मग म्हणाले, संपर्क तुटलेला दिसतो, आणखी कुणाची हरकत नसेल तर…

मी मनगट सोडवून घेतलं आणि मोठ्याने म्हणाले, "ऑब्जेक्शन."

पुढचं सगळं सुरळीत झालं. मी दुरुस्ती वाचून दाखवली. एक वयस्क जपानी इंजिनिअर म्हणाले की त्यांच्याकडेही अशी जुनी यंत्रं आहेत, हे योग्य आहे. मोठ्या कंपन्यांनी कुरकुर केली, पण हात वर करण्याला फारसा वेळ लागत नाही हे त्यांनाही कबूल करावं लागलं. पुन्हा हरकत विचारली गेली. या वेळी सगळे गप्प, म्हणून मंजूर. मी आनंदाने त्याच्याकडे वळले. त्याने माइक काढला होता आणि त्याची वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवत होता, एका हाताने. मी म्हणाले, "अहो, वाचली हो पेटी." त्याने मान हलवली आणि उठून बाहेर गेला.

मी शेडवाल्याला फोन करत होते, तेवढ्यात भाऊजी आत डोकावले. "आत्ता तिकडं भिताडाकडं बघून कायतरी विंग्रजी शबुद बोलला. एकदम साफ. मला कळलं न्हाई, पन अडखळला न्हाई बघा." त्यांना वाटलं मी खूश होईन. मी लावलेला फोन बंद केला. अजून थोडं. एवढंच हवं होतं त्याला, अजून थोडं.

ते कलम आता छापून आलं आहे. हात वर करणाऱ्या यंत्राची हजेरी होईपर्यंत इतर सर्व यंत्रांनी थांबावे, असा त्याचा सरळ अर्थ आहे. राहात्याची पेटी नव्या कॅमेऱ्याबरोबर बोलते. भाऊजींशी तोही बोलतो, अडखळत. ते अजूनही त्याची वाक्यं चुकीची पुरी करतात आणि तो हसून पुन्हा सुरू करतो. माझ्याशी मात्र तो एक शब्दही बोलत नाही. आरसा त्याने भिंतीकडे तोंड करून ठेवला आहे. मी विनवलं, भांडले, त्याच्या पायाशी बसून रडले. तो माझ्या डोक्यावर हात ठेवतो, रागावलेला नसतो. राग असता तर बरं झालं असतं.

दुपारी मी गॅस बंद करून त्याच्यासमोर बसते. म्हणते, काय हवं ते सांगा, मी थांबते. आणि खरंच थांबते, घड्याळाकडे बघत नाही. तो माझ्याकडे बघतो आणि रिकामा कप उचलून दाखवतो.